सत्तेचाळीस नंबर

सत्तेचाळीस नंबरची नळी, म्हणजे एका माणसाच्या डीएनएचा नमुना, मी तीनदा लावली. पहिल्यांदा वाटलं, पिपेट मारताना हात चुकला. दुसऱ्यांदा वाटलं, डीएनए सडला असणार. तिसऱ्यांदा टिपांचा नवा डबा फोडला, पाणी नवं, एन्झाइम नवं, प्रायमर, म्हणजे हवं ते जनुक हुडकून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, तेसुद्धा नव्याने विरघळवून घेतले. जेल पळवलं, अंधाऱ्या खोलीत नेलं, यूव्हीचा दिवा लावला. पुन्हा तेच. जेलवरच्या सोळा लेनपैकी आठांत बँड, म्हणजे जनुक असल्याची पट्टी, आठ मोकळ्या. त्या आठांतल्या तीन मोकळ्या लेन मला छळत होत्या, कारण आधीच्या सेहेचाळीस नमुन्यांत त्या तिन्ही एकदम मोकळ्या एकदाही आल्या नव्हत्या.

फोटो घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाजवळ धरला.

"कंट्रोल बँड आहे का सगळीकडे?"

"आहे."

"मग जे नाही ते नाही. वहीत लिही आणि पुढची नळी घे."

हे पचायला मला बरेच दिवस लागले. त्याआधी मी ज्या लॅबमध्ये होते तिथे आम्ही जी जनुकं वाचायचो ती प्रत्येक माणसात असायचीच. प्रश्न एवढाच असायचा की त्यातलं अमुक अक्षर अ आहे की ग. अख्खं जनुकच जागेवर नाही आणि माणूस ठणठणीत आहे, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती. पण वाचणं वेगळं आणि रात्री साडेसातला मोकळ्या लेनकडे बघत उभं राहणं वेगळं.

काम होतं केआयआर नावाच्या जनुकांचं. एका लोकसमूहातल्या, एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या, निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं, डीएनए काढायचा आणि प्रत्येकाकडे ही जनुकं कुठली आहेत, कुठली नाहीत याची यादी करायची. ऐकायला हजेरीपटासारखं वाटतं. आहेही तसंच. फक्त या वर्गात रोज वेगळीच मुलं गैरहजर.

या जनुकांपासून बनतात ते केआयआर म्हणजे आपल्या नॅचरल किलर (एनके) पेशींच्या अंगावरचे रिसेप्टर, समोरची खूण ओळखणारी प्रथिनं. एनके पेशी म्हणजे रक्तात गस्त घालणाऱ्या पेशी. वाटेत भेटलेल्या प्रत्येक पेशीला त्या हात लावून बघतात. त्या पेशीच्या अंगावर एचएलए नावाचं प्रथिन असेल तर केआयआरला ते ओळखू येतं आणि एनके पेशी शांत राहते. विषाणू घुसलेल्या किंवा कर्करोगाकडे वळलेल्या पेशी पुष्कळदा आपलं एचएलए लपवतात, म्हणजे टी पेशी या दुसऱ्या पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटता येतं. पण एनके पेशीला नेमकं तेच खटकतं. ओळखपत्र चुकीचं असेल तर टी पेशी पकडते, ओळखपत्रच नसेल तर एनके. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८६ साली उंदरांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं. त्यांनी या कल्पनेला दिलेल्या नावाचा अर्थ साधारण 'हरवलेली स्वतःची खूण' असा होतो. मला ते नाव अजूनही आवडतं. आपल्या शरीरातला एक पहारेकरी नसलेल्या गोष्टीवरून निर्णय घेतो आणि मी मात्र नसलेल्या बँडवरून तीन दिवस वाया घालवत होते.

या जनुकांची नावं पहिल्यांदा बघितली की कुणीही पळून जाईल. २डीएल१, ३डीएस१, २डीपी१. पण नाव फोडता आलं की भीती जाते. पहिला आकडा म्हणजे पेशीच्या बाहेर असलेल्या भागात किती घड्या आहेत, दोन की तीन. एल म्हणजे पेशीच्या आत लांब शेपूट; अशी शेपूट असलेले रिसेप्टर बहुधा 'थांब' सांगतात. एस म्हणजे आखूड शेपूट. हे 'चल' सांगतात. पी म्हणजे मोडकं जनुक, जागा अडवून बसलेलं, त्यापासून प्रथिन बनत नाही. शेवटचा आकडा सापडलेल्या क्रमाचा. २डीएल४ यात बसत नाही, त्याची शेपूट लांब आणि वागणं निराळंच. पण नियमाला एखादा वात्रट सदस्य हवाच.

एकूण सोळा. म्हणून सोळा लेन.

आता त्या लेनमध्ये काय दिसतं ते सांगते, कारण या कामातली खरी गंमत तिथेच आहे. प्रत्येक नळीत प्रायमरच्या दोन जोड्या टाकतात. एक जोडी ज्या जनुकाचा शोध चाललाय त्याची. दुसरी अशा एखाद्या जनुकाची जे प्रत्येक माणसात हमखास असतं. आमच्याकडे ते वाढीच्या हॉर्मोनचं होतं. त्यामुळे प्रत्येक लेनमध्ये वरच्या बाजूला एक पट्टी यायलाच हवी. ती आली नाही तर रिअ‍ॅक्शन फसली. ती आली आणि खाली दुसरी पट्टीही आली, तर जनुक आहे. वरची आली आणि खाली अंधार, तर जनुक नाही. त्यातही बारकावा असा की खालची पट्टी जोरात आली की वरची फिकट पडते. नळीतला माल दोघींनी वाटून खाल्लेला असतो ना. उलट जनुक नसेल तर वरची पट्टी एकटीच ऐटीत झळकते. महिन्याभराने माझी नजर इतकी बसली की खालची पट्टी बघायच्या आधी वरचीच्या तोंडावरून मी निकाल ओळखायला लागले.

सत्तेचाळीस नंबरच्या त्या तीन लेनमध्ये वरची पट्टी झगझगीत होती. मॅडमनी बघितलं ते हेच.

सगळ्यात छळवादी लेन २डीएस४ची. या जनुकाचं एक रूप पूर्ण असतं आणि एका रूपातली बावीस अक्षरं गळालेली असतात. बावीस अक्षरं म्हणजे जेलवर केसभर अंतर. त्यासाठी जेल घट्ट ओतावं लागतं, सावकाश पळवावं लागतं, आणि तरी काही वेळा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून अशा बसतात की एक जाड पट्टी आहे की दोन बारीक, यावरून आमच्या लॅबमधल्या काकांचं आणि माझं रोज वाजायचं. काका सीनियर टेक्निशियन, त्यांनी माझ्या वयाइतकी वर्षं जेलं ओतलेली. ते फोटो तिरका धरून एका डोळ्याने बघायचे आणि म्हणायचे, "दोन आहेत." दहांतल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचे. ही बावीस अक्षरं गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि तयार होणारं प्रथिन पेशीच्या अंगावर टिकतच नाही. म्हणजे हजेरीपटात 'हजर', पण कामाला नाही. अनेक समाजांत हे बिनकामाचं रूपच जास्त आढळतं.

माणसामाणसात ही जनुकंच कमीजास्त असतात हे १९९७ साली पुढे आलं, स्टॅनफर्डमधल्या पीटर पार्हम यांच्या गटाच्या कामातून. तोवर सगळ्यांना वाटत होतं की रूपं वेगळी असतील, संख्या कशाला वेगळी असेल? पण एकोणिसाव्या गुणसूत्राच्या त्या तुकड्यावर ही जनुकं एकाला एक खेटून बसलेली आहेत आणि दिसायला इतकी सारखी की गुणसूत्रांच्या जोडीत देवाणघेवाण होताना घर चुकतं. शर्टाचं बटण एक घर चुकून लावलं की एका बाजूला कापड उरतं आणि दुसऱ्या बाजूला कमी पडतं, तसं एका गुणसूत्रावर जनुक जादा होतं, दुसऱ्यावर गळतं. हे लाखो वर्षं चालू आहे. चारच जनुकं या धुमश्चक्रीत जवळपास प्रत्येकाकडे टिकून असतात: ३डीएल३, ३डीपी१, २डीएल४ आणि ३डीएल२. आम्ही त्यांना चौकट म्हणायचो. नवीन नमुना आला की आधी चौकट बघायची. सत्तेचाळीसची चौकट पूर्ण होती. म्हणजे डीएनएवर संशय घ्यायला जागा नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

नसलेली तीन होती २डीएल३, २डीपी१ आणि २डीएल१. घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं आणि रस्त्यातच एकदम ट्यूब पेटली: हे तिघं शेजारी! गुणसूत्रावर याच क्रमाने बसतात. तीन वेगवेगळ्या गोष्टी हरवलेल्याच नव्हत्या. एकच तुकडा वेगळा होता. काहींच्या गुणसूत्रावर या जागी २डीएल३ऐवजी त्याचा जोडीदार २डीएल२ असतो, सोबत २डीएस२ असतं, आणि पुढची दोन घरं गाळून वाट थेट चौकटीच्या ३डीपी१ला जाऊन मिळते. या माणसाला आईकडून असाच तुकडा मिळाला होता आणि वडिलांकडूनही असाच. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो पुन्हा बाहेर काढून बघितला. २डीएल२, बँड. २डीएस२, बँड. सगळं नीट जुळत होतं. या माणसाच्या रक्तात काही बिघडलेलं नव्हतं, बिघडलेली माझी वाचायची पद्धत होती.

नंतर सगळे नमुने एक्सेलमध्ये भरले. सोळा रकाने, बँड असेल तर एक, नसेल तर शून्य. मग सारख्या ओळी एकत्र केल्या. मला वाटलं होतं, एकाच समूहातली माणसं आहेत, पाचसहा प्रकार निघतील आणि सगळे त्यात बसतील. वरच्या काही ओळी खरंच लांबलचक निघाल्या, एकेका ओळीत पुष्कळ माणसं. पण खाली उतरत गेलं की तीन माणसं, दोन माणसं, आणि मग पानभर एकेकटे. ज्यांच्यासारखं आमच्या यादीत दुसरं कुणीच नाही असे. आणि हे नुसतं जनुक आहे-नाही एवढ्यावरून. प्रत्येक जनुकाची पुन्हा कितीतरी रूपं, ती तर आम्ही मोजलीच नव्हती. ती मोजली असती तर त्या लांब ओळीही फुटल्या असत्या.

सगळ्यात लांब ओळींपैकी एक एएची. या जनुकांचे जे गठ्ठे आईवडिलांकडून येतात त्यांचे ढोबळ दोन प्रकार करतात, ए आणि बी. दोन्हीकडून ए आला की एए. ए सुटसुटीत: ठरलेली नऊ जनुकं, त्यातली दोन मोडकी, आणि आखूड शेपटीचं एकच, तेच ते बावीस अक्षरांचं २डीएस४. बी म्हणजे बाकी सगळे. त्यात 'चल' सांगणारे रिसेप्टर जास्त, आणि बीमध्येही पोटप्रकार भरपूर. जपानमध्ये निम्म्याहून अधिक माणसांकडे दोन्ही गठ्ठे एचे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत एए विरळा. भारतीय उपखंडात बीचं पारडं जड. पण दोन्हींपैकी एक अजिबात नाही असा लोकसमूह दिसत नाही, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. व्हेनेझुएलातल्या युक्पा लोकांचं उदाहरण आमच्या लॅबमध्ये सारखं निघायचं. छोटीशी जमात, पूर्वजच मोजके, त्यामुळे एचएलएची आणि केआयआरची रूपं अगदी थोडी उरलेली. तरी ए आहे आणि बीही आहे. नशिबाच्या चाळणीत इतकं सगळं गळालं, पण हे दोन गळाले नाहीत. वर त्यांच्याकडे २डीएल३ची नवी रूपं तयार झालेली सापडली, ज्यांची एचएलएवरची पकड ढिली आहे.

आता हिशोबातली एक खोच, जिच्यापायी माझा एक आठवडा गेला. जेलवर बँड दिसतो तेव्हा जनुक एका गठ्ठ्यात आहे की दोन्हींत हे कळत नाही. पट्टी तशीच दिसते. मग समूहात ते जनुक किती पसरलंय हे कसं काढायचं? उलटीकडून. समजा शंभरातल्या चौसष्ट माणसांत एखादं जनुक आहे. 'आहे'वाल्यांना सोडून द्या. 'नाही'वाले छत्तीस बघा, कारण त्यांच्याबद्दल खात्री आहे: दोन्ही गठ्ठ्यांत नाही. ०.३६चं वर्गमूळ ०.६. म्हणजे दर दहांतल्या सहा गठ्ठ्यांत ते जनुक नाही, चारांत आहे. जनुकाची खरी वारंवारता ०.४, आणि चौसष्ट टक्के हा आकडा नुसता माणसांचा. पुन्हा तेच. हिशोबाची सुरुवात मोकळ्या लेनपासून. अर्थात लग्नं आपापसातच होत असतील तर हे वर्गमूळ फसवतं, कारण तिथे दोन्हीकडून सारखा तुकडा यायची शक्यता वाढते. सत्तेचाळीस नंबरच्या आईवडिलांचं आपसात काही नातं होतं का? माहीत नाही. नळीवर नंबर असतो, नाव नसतं आणि ते बरं आहे.

मधल्या काळात मला दिवस गेले.

लॅबमध्ये कंट्रोल म्हणून आम्ही स्वतःचंच रक्त वापरायचो, पुष्कळ लॅबमध्ये हे चालतं. त्यामुळे माझा केआयआर प्रकार मला आधीपासून माहीत होता: एए. एचएलए-सीसुद्धा तपासलेलं: सी१, सी१. प्रत्येक माणसाच्या एचएलए-सीच्या दोन प्रती असतात आणि प्रत्येक प्रत सी१ किंवा सी२ या दोनांतली एक. प्रथिनातल्या ऐंशीव्या जागेवर कुठलं अमिनो आम्ल बसलंय त्यावरून. २डीएल१ बघतं सी२कडे, २डीएल३ बघतं सी१कडे. एचएलए सहाव्या गुणसूत्रावर, केआयआर एकोणिसाव्या. दोघांचा वारसा स्वतंत्र. म्हणून कुलूप एकाकडे आणि किल्ली भलत्याकडे असं नेहमी होतं.

अ‍ॅशली मॉफेट यांच्या केंब्रिजमधल्या गटाचं २००४ सालचं काम मला जवळपास पाठ होतं. गर्भारपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणजे बाळाला रक्त नीट मिळतं. त्या भिंतीत आईच्या एनके पेशी गर्दी करून असतात. वारेच्या पेशींवर बाळाचं एचएलए-सी असतं, त्यात अर्धा वाटा बापाचा. आई एए आणि बाळाकडे सी२ असेल, तर आईच्या एनके पेशींना 'थांब' जास्त ऐकू येतं, वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, आणि प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणातल्या त्या घातक रक्तदाबाचा धोका वाढतो. आईकडे स्वतःचं सी२ नसेल तर जास्तच, हे त्यांच्या पुढच्या कामात दिसलं.

मी एए. माझ्याकडे सी२ नाही. राहिला प्रश्न बापाचा.

काकांनी तोंडावरून ओळखलं. "डोक्यात काय चाललंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, जगात काही देशांत अर्ध्या अर्ध्या बायका एए आहेत. पोरं होतायत ना?" बरोबरच होतं. धोका वाढतो म्हणजे शंभरात काही जास्त जणींना त्रास होतो, बहुतेक एए आयांचं सगळं सुरळीत पार पडतं. हे मी स्वतः दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं, आकृत्या काढून. पण समूहाचा आकडा स्वतःच्या पोटाला लावून बघायची खोड कुणाला चुकली आहे?

फ्रीजरमध्ये प्रायमर होते. एका रविवारी नवऱ्याच्या गालाच्या आतून बोळा फिरवून घेतला. "कशासाठी?" म्हणाला. म्हटलं, "कंट्रोल कमी पडतायत." त्याने तोंड उघडं ठेवूनच भुवया वर केल्या. खोटं पचलं नाही हे मला कळलं, पण त्याने पुढे विचारलं नाही. सोमवारी सगळे गेल्यावर लावलं. जेल पळेपर्यंतचा वेळ मी खुर्चीवर नुसती बसून काढला.

सी१, सी२. दोन्ही.

म्हणजे बाळाला सी२ मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे सुरुवातीला जिथे होते तिथेच. नाणं हवेत होतं, ते हवेतच राहिलं, फक्त आता मला ते फिरताना दिसत होतं. मला जेलसमोर एकटीलाच हसू आलं, आणि मग थोडं रडूही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि समजा बाळाला सी२ असल्याचं कळलं असतं, तर तू काय वेगळं केलं असतंस?" मी म्हटलं, दर भेटीला ब्लडप्रेशर बघितलं असतं. "ते डॉक्टर नाहीतरी बघतातच," म्हणाल्या आणि सेंट्रिफ्यूज लावायला गेल्या.

डॉक्टरांना मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी दर वेळी दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला, लघवीतलं प्रथिन बघितलं. मला शेवटपर्यंत काही झालं नाही. मुलगी झाली. तिचं एचएलए-सी मी तपासलेलं नाही. तिला सी२ असेल तर आम्ही दोघी त्या 'बहुतेक एए आयां'मध्ये बसलो, नसेल तर प्रश्नच नव्हता; आकड्यांना दोन्ही चालतं.

मग एवढी खोट असताना ए टिकून का आहे? कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. ए गठ्ठ्याचं संसर्गाशी लढताना पारडं जड पडतं असं या क्षेत्रातले बरेच जण मानतात. हेपेटायटिस सीचा विषाणू आपला आपण परतवून लावणाऱ्यांमध्ये दोन्ही प्रती २डीएल३च्या आणि दोन्ही एचएलए-सी१ असलेले जास्त भेटतात, हे २००४ मध्येच दिसलं होतं. हा माझाच प्रकार. म्हणजे गर्भाशयात जी बाजू लंगडी, ती यकृतात कामाची. आणि बीचंही सगळं गोड नाही: आईकडे २डीएस१ आणि बाळाकडे सी२ असेल तर बाळं वजनाला जास्त भरतात असं आढळलंय, आणि शस्त्रक्रिया नसलेल्या काळात फार मोठं बाळ म्हणजे अडलेलं बाळंतपण. बाळ लहान राहिलं तरी जीव जातो, मोठं झालं तरी जातो. लाखो वर्षं या दोन काठांच्या मधून वाट काढायची म्हटल्यावर एकच गठ्ठा जिंकणार कसा? युगांडातल्या आयांच्या अभ्यासात तर आणखी वेगळंच निघालं. तिथेही बी गठ्ठाच वाचवतो, पण त्यातलं वाचवणारं जनुक युरोपात दिसलं ते नव्हे, दुसरंच, २डीएस५. काम तेच, कामगार वेगळा. म्हणून एका समूहात मिळालेलं उत्तर दुसऱ्या समूहावर तसंच्या तसं चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. आधी तिथली माणसं मोजा, मग बोला.

उंदरांवर करून बघा, असं कुणी म्हणालं तर तोही रस्ता बंद. उंदरांकडे या कामासाठी केआयआर नाहीतच. एलवाय४९ नावाचं भलत्याच घराण्यातलं प्रथिन तिथे हेच काम करतं. चिंपांझीकडे केआयआर आहेत, पण ए आणि बी अशी वाटणी नाही. हा घरचा घोळ माणसाचा स्वतःचा आहे.

निबंध लिहून पाठवला तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. कोष्टकात शेवटच्या ओळींपैकी एक सत्तेचाळीस नंबरची: आठ काळे चौकोन, आठ पांढरे, शेवटच्या रकान्यात संख्या एक. परीक्षकांचे शेरे दोन महिन्यांनी आले. पहिल्या परीक्षकाला भाषा दुरुस्त करून हवी होती. दुसऱ्याचा चौथा मुद्दा असा होता की, या नमुन्यात २डीएल१, २डीएल३ आणि २डीपी१ तिन्ही नाहीत असं दाखवलंय, ही टायपिंगमधली चूक तर नाही ना, कृपया खात्री करावी.

मी फोनवर मॅडमना वाचून दाखवलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तीन फोटो आहेत ना तुझ्याकडे? तीनही पाठव."

मुलीला एका मांडीवर घेऊन मी जुनी फाइल उघडली. तिन्ही फोटो जागच्या जागी होते, प्रत्येकावर माझ्या हातची तारीख, आणि तिसऱ्यावर काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: 'कंट्रोल उत्तम'. उत्तरात फक्त इतकंच लिहिलं की नमुना तीन वेगळ्या दिवशी लावला, तिन्ही वेळा अंतर्गत कंट्रोल आला, चौकटीची चारही जनुकं आली, शेजारचं २डीएल२ आणि २डीएस२ही आलं आणि असाच प्रकार इतर समूहांतूनही नोंदला गेलेला आहे. परीक्षकाने मान्य केलं. ओळ छापून आली.